राजाच्या नावाचा बोर्ड



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची नववीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती आमच्या ओट्यावर एक कुंडी घेऊन बसली होती. कुंडीत मिरचीचं रोप, मातीत खुपसलेले तारांचे दोन पाय, बाजूला खेळण्यातला वाटावा असा पंप आणि या सगळ्यांच्या मधोमध एक निळी पट्टी. पत्त्याच्या पानापेक्षाही लहान. माती कोरडी पडली की त्या पट्टीला कळतं, ती पंपाला सांगते आणि पंप रोपाला पाणी घालतो. माणसानं मध्ये पडायचं काम नाही.

"याला आर्डुइनो म्हणतात, मामू," ती म्हणाली.

"ते कोण?"

"कोण म्हणजे? बोर्ड आहे तो."

"अगं, पण नाव कुणाचं तरी असेल ना? शास्त्रज्ञाचं?"

तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ते तुम्हीच शोधा. तुम्ही कवी ना!"

कवी असण्याचा आणि नावं शोधण्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही. पण गोष्ट मनात राहिली. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते तंत्रज्ञाचं विवेचन नाही. एका नावाचा माग काढत गेलो आणि वाटेत एक राजा, एक कारखाना, काही कवी आणि एक विसरला गेलेला विद्यार्थी भेटला, त्यांची ही हकिगत आहे.

आधी ही पट्टी म्हणजे काय ते पाहू. संगणक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पडदा आणि कळफलक येतो. पण जगातले बहुतेक संगणक असे दिसतच नाहीत. ते दुसऱ्या यंत्रांच्या पोटात दडलेले असतात. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये, लिफ्टमध्ये, चौकातल्या सिग्नलमध्ये, मोटारीच्या इंजिनाजवळ. त्यांना 'एम्बेडेड' म्हणतात. त्यांना पत्र लिहायचं नसतं, सिनेमा दाखवायचा नसतो. पाणी किती तापलं, दार लागलं की नाही, एवढंच पाहायचं आणि त्याप्रमाणे काहीतरी सुरू किंवा बंद करायचं. त्यासाठी एकाच चिपमध्ये मेंदू, स्मरण आणि हातपाय कोंबलेले असतात. त्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. भाचीच्या बोर्डावरच्या चिपची कार्यक्रम साठवण्याची जागा आहे फक्त ३२ किलोबाइट. तुमच्या-माझ्या मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. पण मिरचीचं रोप सांभाळायला तेवढं पुरतं.

आता नाव. आर्डुइनो हा शास्त्रज्ञ नव्हता, राजा होता. उत्तर इटलीत, तुरिन शहरापासून जवळ, दोरा बाल्तेआ नदीकाठी इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथला सरदार आर्डुइनो १००२ साली पाव्हिया इथं इटलीचा राजा झाला. दोनच वर्षांत जर्मनीचा राजा दुसरा हेन्री आल्प्स ओलांडून आला आणि त्याच पाव्हियात त्यानं स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. आर्डुइनो आणखी दहा वर्षं झगडत राहिला, मग राज्य सोडून मठात गेला आणि १०१५ मध्ये तिथंच वारला. हरलेला राजा. पण हरलेल्या राजांना त्यांची गावं विसरत नाहीत. इव्रेआत त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर 'बार दि रे आर्डुइनो', म्हणजे 'आर्डुइनो राजाचा बार' होता. संध्याकाळी चार मित्रांनी बसायची जागा. बोर्डाला नाव मिळालं ते थेट राजावरून नाही, या बारवरून. आपल्याकडे एखाद्या मंडळींनी कट्ट्याचं नाव आपल्या मासिकाला द्यावं, तसं.

पण बार आणि बोर्ड यांच्या मध्ये एक कारखाना आहे. मला या सगळ्या शोधात तिथंच जास्त रेंगाळावंसं वाटलं, कारण इव्रेआचा इतिहास मला माझ्या बोटांच्या टोकांनी आधीच थोडा ठाऊक होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी टायपिंग क्लासला जात होतो. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस पास झालं की कारकुनाची नोकरी मिळते, असा तेव्हा समज होता. क्लासमध्ये दोन ओळीत जुनी मशीनं मांडलेली असत, आणि पावसात पत्र्यावर थेंब पडावेत तसा तो सामुदायिक खडखडाट. टाइपरायटरचं जग तेव्हा शेवटचे श्वास घेत होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गोदरेजनं १९५५ पासून बनवलेली ही मशीनं २००९ मध्ये बंद केली, तेव्हा त्यांचा कारखाना आपल्या शिरवळला होता. इव्रेआ म्हणजे इटलीचं टाइपरायटरचं गाव. कामिल्लो ऑलिव्हेत्ती या इंजिनियरनं १९०८ मध्ये तिथं लाल विटांच्या इमारतीत कारखाना काढला आणि १९११ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात आपलं पहिलं मशीन, एम वन, मांडलं.

त्याचा मुलगा आद्रिआनो. हा माणूस विलक्षण होता. १९३८ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. त्यानं कामगारांसाठी घरं, पाळणाघरं, दवाखाने बांधले, कारखान्यात ग्रंथालय ठेवलं, आणि इमारतींच्या भिंती काचेच्या केल्या, म्हणजे काम करणाऱ्याला बाहेरचे डोंगर दिसावेत. आणि त्यानं कवींना नोकरीवर ठेवलं! लिओनार्दो सिनिसगाल्ली हा कवी त्याच्या जाहिरात विभागात होता. पुढे कवी आणि कादंबरीकार पाओलो व्होल्पोनी याच्याकडे कामगारांच्या सामाजिक सेवांचं काम सोपवलं होतं. फ्रांको फोर्तिनी हा तर डाव्या विचारांचा कवी. 'लेत्तेरा २२' या १९५० च्या प्रसिद्ध हलक्या टाइपरायटरचं नाव त्यानं सुचवलं, असं सांगतात. लेत्तेरा म्हणजे पत्र आणि अक्षरही. आपल्याकडे नारायण सुर्वे गिरणीतून कवितेत आले. इथं कवितेतून माणसं कारखान्यात बोलावली होती. ही गोष्ट वाचली त्या रात्री मला जरा उशिराच झोप लागली. आमच्या वेळी असं कुणी बोलावलं असतं तर, या विचारानं.

आद्रिआनोला टाइपरायटरच्या पुढचंही दिसत होतं. १९५९ मध्ये ऑलिव्हेत्तीनं एलेआ ९००३ हा संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक तयार केला. तो बनवणाऱ्या गटाचा प्रमुख मारिओ चू, रोममध्ये जन्मलेला चिनी मुत्सद्द्याचा मुलगा. पण फेब्रुवारी १९६० मध्ये आद्रिआनो आगगाडीच्या प्रवासात एकाएकी वारला, आणि पुढच्याच वर्षी मारिओ चू मोटार अपघातात गेला. १९६४ मध्ये कंपनीनं आपला इलेक्ट्रॉनिक्स विभाग जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या हवाली केला. तेव्हा पिएर जॉर्जिओ पेरोत्तो आणि त्याचे दोन-चार सहकारी टेबलावर मावेल असं एक हिशेबी यंत्र बनवत होते. ते अमेरिकनांच्या हाती जाऊ नये म्हणून कागदोपत्री त्याला संगणक न म्हणता 'कॅल्क्युलेटर' म्हटलं गेलं, अशी आठवण त्या गटातले सांगत. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ते 'प्रोग्रामा १०१' म्हणून लोकांपुढे आलं. संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, असं समजलं जाई त्या काळात! सुमारे ४४,००० यंत्रं विकली गेली. अपोलोच्या हिशेबांसाठी नासानंही काही घेतली. आज अनेकजण त्याला पहिला वैयक्तिक संगणक म्हणतात. पहिलं कुणी, हा वाद कुठल्याच इतिहासात मिटत नाही, तेव्हा तो इथं सोडून देऊ.

नंतरची कहाणी उताराची आहे. नव्वदच्या दशकात ऑलिव्हेत्ती संगणकांच्या धंद्यातून बाहेर पडली आणि टेलिफोनच्या व्यवसायात शिरली. इव्रेआतल्या काचेच्या इमारती रिकाम्या होत गेल्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं या औद्योगिक नगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. वारसा म्हणजे काय, तर जिथं आता भोंगा वाजत नाही अशी जागा. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

त्या ओसरत्या काळातच एक गोष्ट घडली. ऑलिव्हेत्ती आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पैशांतून २००१ मध्ये इव्रेआत, ऑलिव्हेत्तीच्याच 'निळ्या घरात', एक छोटी संस्था सुरू झाली, इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूट. माणूस आणि यंत्र यांचं एकमेकांशी वागणं कसं असावं, याचा अभ्यास करणारी. विद्यार्थी निरनिराळ्या देशांतून आलेले. त्यांत चित्रकार होते, वास्तुकलेचे पदवीधर होते, इलेक्ट्रॉनिक्सशी ओळख नसलेलेही होते. त्यांना वस्तू 'जिवंत' करायच्या होत्या. हात लावला की उजळणारा दिवा, कुणी जवळ आलं की वळणारी खुर्ची. त्यासाठी हवा होता छोटा संगणक.

असे छोटे संगणक तेव्हा नव्हते असं नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅरॅलॅक्स या कंपनीनं १९९२ मध्येच 'बेसिक स्टॅम्प' काढला होता. नावाप्रमाणे टपालाच्या तिकिटाएवढा. एका तिकिटावर चिप, स्मरण आणि विजेची सोय, आणि आज्ञा लिहायला बेसिकसारखी सोपी भाषा. छंदिष्ट मंडळींना त्यानं वेड लावलं. या जातीच्या धंद्याची खुबीच ती आहे. चिप बनवणारा वेगळा असतो, यंत्र बनवणारा वेगळा. मधला माणूस ती चिप एका पट्टीवर बसवून, तिला पाय फोडून, तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, आता जोडा कुठं जोडायची ती. पण बेसिक स्टॅम्पची किंमत होती पन्नास डॉलर आणि त्याहून जास्त. विद्यार्थी चुका करणार, तार उलटी लावणार, बोर्ड जाळणार. पन्नास डॉलरची चूक करायची हिंमत किती जणांना असते?

इथं आपल्या गोष्टीतला तो विद्यार्थी येतो. हर्नांदो बारागान, कोलंबियाचा. त्यानं २००३ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ठरवलं की डिझाइन शिकणाऱ्यांना वापरता येईल असा बोर्ड आणि त्याची भाषा आपणच करायची. त्याचे मार्गदर्शक दोन, मासिमो बांत्सी आणि केसी रीस. रीसनं बेन फ्राय याच्याबरोबर अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये 'प्रोसेसिंग' नावाची भाषा तयार केली होती. चित्रकारांना संगणकावर चित्रं रचता यावीत यासाठी. बारागाननं तीच कल्पना पडद्यावरून उचलून तारा आणि दिव्यांच्या जगात आणली. प्रोसेसिंगमध्ये रेघ काढायला एक शब्द लागतो, तसा याच्या भाषेत दिवा लावायला एक शब्द. चिपच्या आतल्या खणाखुणा पाठ करायला नकोत. चिप घेतली ॲटमेल कंपनीची, एव्हीआर घराण्यातली. हे घराणंही मुळात नॉर्वेतल्या त्रोन्हाइमच्या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजात कल्पिलेलं. सगळ्या प्रकल्पाचं नाव ठेवलं 'वायरिंग'. २००४ मध्ये प्रबंध पूर्ण झाला, त्याला वाखाणणीही मिळाली. बोर्ड वर्गात वापरले जाऊ लागले. आराखडे आणि भाषेचा मजकूर त्यानं खुला ठेवला होता, कुणीही घ्यावा आणि वापरावा.

आणि घेतला. २००५ मध्ये बांत्सी आणि स्वीडनमधल्या मालमो विद्यापीठातून इव्रेआत आलेला स्पॅनिश अभियंता दाविद क्वार्तियेस यांनी आणखी स्वस्त बोर्ड करायचा घाट घातला. वायरिंगपेक्षा लहान आणि स्वस्त चिप निवडली, एटीमेगा ८. डेव्हिड मेलिस या विद्यार्थ्यानं भाषेची बाजू बसवली. जानलुका मार्तिनो यानं बोर्ड छापून घ्यायची व्यवस्था पाहिली. न्यूयॉर्कचा प्राध्यापक टॉम इगो मागाहून सामील झाला. नाव ठेवलं बारवरून, आर्डुइनो. किंमत ठरवली तीस डॉलरच्या आसपास. पिझ्झा खायला गेलं तर जेवढा खर्च होईल तेवढी, असं बांत्सी म्हणे. पहिले तीनशे कोरे बोर्ड छापून विद्यार्थ्यांत वाटले आणि सांगितलं, सूचना वाचा, स्वतः जोडा, काहीतरी बनवा. त्यातून निघालेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक होतं गजराचं घड्याळ. छताला दोरीनं टांगलेलं. गजर झाला आणि 'आणखी पाच मिनिटं' म्हणून तुम्ही त्याला थोपटलं की ते थोडं वर सरकायचं. पुन्हा थोपटलं, आणखी वर. शेवटी उठून उभं राहावंच लागे. आमच्या घरी हे काम अम्मी करत असे, आणि तिला चिप लागत नसे.

घाईचं कारणही होतं. संस्था बंद व्हायच्या बेतात होती. २००५ मध्ये ती मिलानच्या डोमस अकादमीत विलीन झाली. संस्था बुडाली तर केलेलं कामही कुठल्या तरी कंपनीच्या कपाटात कुलूपबंद होईल, ही धास्ती. म्हणून बोर्डाचे सगळे आराखडे खुले करून टाकले. घ्या, बनवा, बदला, विका. फक्त 'आर्डुइनो' हे नाव तेवढं आमचं. चिप वगळता सगळं खुलं आणि नाव मात्र राखलेलं, असा हा करार.

आता मी जरा थांबतो, कारण मला खटकलेली गोष्ट इथं आहे. पुढे आर्डुइनो प्रसिद्ध झाला, त्याच्या जन्माच्या कहाण्या मासिकांत छापून आल्या. त्यांत एक वाक्य वारंवार भेटतं, की भाषेची बाजू दोन दिवसांत लिहून झाली आणि आणखी तीन दिवसांत बोर्ड तयार झाला. पाच दिवस! ऐकायला छान. पण पाच दिवसांत होणाऱ्या गोष्टीच्या मागं कुणाची तरी दोन वर्षं असतात. इथं ती बारागानची होती. आर्डुइनोची भाषा ही वायरिंगचीच शाखा. दिवा लावण्याचे ते शब्दही तेच. नव्या गटात बारागानला मात्र घेतलं गेलं नाही. तो कोलंबियाला परतला, शिकवू लागला, वायरिंगचं काम करत राहिला. २०१६ मध्ये त्यानं आपली बाजू सविस्तर लिहिली. त्यात आरडाओरड नाही, तारखा आहेत, बोर्डांची छायाचित्रं आहेत, आणि मला का विचारलं नाही हा साधा प्रश्न आहे. हे काम खुलं होतं, तेव्हा ते घेण्यात चोरी नव्हती, हे तोही जाणतो. आर्डुइनोच्या श्रेयनामावलीत वायरिंगचा उल्लेखही असतो. पण नामावली कोण वाचतं? लोक गोष्ट ऐकतात, आणि गोष्टीत तो नव्हता.

आमच्या गझलेत याला एक शब्द आहे, 'जमीन'. वृत्त, यमक आणि अन्त्ययमक मिळून गझलेची जमीन होते. दुसऱ्याच्या जमिनीत गझल लिहायला पूर्ण मुभा आहे. उस्तादांनी लिहिलं, शागिर्दांनी लिहिलं, कुणी कुणावर खटला भरला नाही. तरही मुशायऱ्यात तर एक ओळ सगळ्यांना दिली जाते आणि रात्रभर तिच्यावरच शेर होतात. पण ज्याची ओळ घेतली तिला अवतरणचिन्ह घालायचं आणि वाचण्यापूर्वी सांगायचं, की साहेब, जमीन अमक्यांची आहे. एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात. मुशायऱ्यात हे न सांगता वाचणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण मागच्या रांगेत एखादा म्हातारा असतो, तो शेजाऱ्याच्या कानात सांगतो. इव्रेआच्या बाबतीत तो म्हातारा बोलायला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी ज्याची जमीन त्यालाच बोलावं लागलं. मला बांत्सी आणि त्याच्या मित्रांचं मोठेपण नाकारायचं नाही. स्वस्त करणं, सोपं करणं, जगभर पोचवणं ही कामं लहान नाहीत. बारागानचा बोर्ड महाग होता आणि त्याच्या हातून तो एवढा पसरला असता की नाही, कोण जाणे. तरीही दोन सेकंद होते.

त्याच पहिल्या काळातली एक चूक मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडली. बोर्डाच्या दोन्ही कडांना बारीक भोकांच्या रांगा असतात, त्यांत तारा खोचायच्या. भोकांमधलं अंतर ठरलेलं, एका इंचाचा दहावा भाग. आर्डुइनोचा आराखडा संगणकावर काढताना सात आणि आठ क्रमांकाच्या भोकांमध्ये मात्र हे अंतर चुकून जास्त पडलं, सोळा शतांश इंच. लक्षात येईपर्यंत बोर्ड बनून लोकांच्या हातात गेले होते, आणि त्या बोर्डांवर बरोबर बसतील अशा जोडपट्ट्या, ज्यांना 'शील्ड' म्हणतात, त्याही बनू लागल्या होत्या. चूक सुधारावी तर जुन्या जोडपट्ट्या बसणार नाहीत. म्हणून चूक तशीच ठेवली. वीस वर्षं होऊन गेली, चिपा बदलल्या, ऊनोच्या वळणाच्या प्रत्येक बोर्डावर ती फट आहे. एखाद्या जुन्या ओवीत यती चुकलेला असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या बायका तो तसाच गातात, तसं.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. २००७ च्या बोर्डाचं नाव 'दिएचिमिला', म्हणजे इटालियनमध्ये दहा हजार; तेवढे बोर्ड झाल्याची ती आठवण. २०१० मध्ये 'ऊनो' आला, म्हणजे 'एक'. दहा हजारांनंतर एक, असा उलटा हिशेब इटालियन माणूसच करू शकतो. घरी बनवायच्या थ्री-डी प्रिंटरांत, पहिल्या हौशी ड्रोनमध्ये, कलाकारांच्या मांडणीशिल्पांत, प्रयोगशाळांत हा बोर्ड शिरला. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून दहा हजारांहून अधिक शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तिथंही ही पट्टी पोचली. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये तिचे धडे आहेत. आणि आराखडे खुले असल्यानं नकला निघाल्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, काउंटरवर 'ऊनो द्या' म्हटलं की दुकानदार विचारतो, "ओरिजिनल की साधा?" साधा म्हणजे नक्कल. नकलेला इटलीवाल्यांची हरकत नाही, नकलेवर आपलं नाव छापायला हरकत आहे.

आणि मग ज्या नावापुरतं राखून ठेवलं होतं, त्या नावावरूनच भांडण झालं. पाच मित्रांनी अमेरिकेत कंपनी केली होती. २००८ च्या अखेरीस मार्तिनोच्या कंपनीनं इटलीत 'आर्डुइनो' हे नाव आपल्याकडे नोंदवून घेतलं. बाकीच्यांना हे मागाहून कळलं. २०१५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. काही काळ एकाच नावाच्या दोन कंपन्या आणि दोन संकेतस्थळं होती, आणि अमेरिकेबाहेर विकायला एका गटानं 'गेनुइनो', म्हणजे 'अस्सल', असं दुसरंच नाव घेतलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तडजोड झाली, पुढच्या वर्षी कंपनी बांत्सीच्या बाजूकडे आली. राजा आर्डुइनोचं राज्य दोन मुकुटांत सापडलं होतं, त्याची आठवण व्हावी असं सगळं. फरक इतकाच, की इथं आल्प्स ओलांडून कुणी आलं नव्हतं, एकाच बाकावर बसणारे होते.

भांडण मिटल्यावर कंपनी विद्यार्थ्यांच्या टेबलावरून कारखान्याकडे वळली. २०२० मध्ये 'पोर्तेंता' नावाची ताकदवान पट्टी आली, मग यंत्रांचं नियंत्रण करणारा 'ओप्ता'. म्हणजे जो बोर्ड शिकण्यासाठी होता, त्याचे भाऊबंद खरोखरच्या यंत्रांच्या पोटात बसू लागले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालकॉम या अमेरिकन चिप कंपनीनं आर्डुइनो विकत घेत असल्याची घोषणा केली, आणि त्याच दिवशी तिच्या चिपेवरचा 'ऊनो क्यू' बोर्डही जाहीर झाला. तेव्हा वापरणाऱ्यांची संख्या तीन कोटींहून अधिक सांगितली गेली. १९६४ मध्ये इव्रेआचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असाच अमेरिकेला गेला होता. तेव्हा पेरोत्तोनं आपलं यंत्र 'कॅल्क्युलेटर' म्हणून वाचवलं. या वेळी वाचवण्यासारखं जे होतं ते वीस वर्षांपूर्वीच वाटून टाकलेलं होतं. जुने आराखडे आता कुणाला परत मागता येणार नाहीत.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिनं बोर्ड उलटा करून पाहिला. अस्सल बोर्डाच्या पाठीवर इटलीचा छोटा नकाशा छापलेला असतो. तिच्या बोर्डावर नव्हता. "म्हणजे आमचा साधा," ती म्हणाली. मग तिनं तो सुलटा केला आणि नखानं भोकं मोजत गेली. सात आणि आठच्या मध्ये थांबली. फट होती.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर 'साहित्य' या मथळ्याखाली तिनं लिहिलं होतं: कुंडी, पंप, तारा, आर्डुइनो ऊनो. त्याखाली जागा उरली नव्हती, तरी तिरक्या बारीक अक्षरात घुसवलं: 'वायरिंग, हर्नांदो बारागान, कोलंबिया'. परीक्षक बाई आल्या, चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे कोण गं?" ती सांगू लागली. राजापासून सुरुवात केली. सांगण्याच्या नादात तिच्या हातून मातीतली एक तार निघाली. पट्टीला वाटलं, माती कोरडी आहे. बाई मान हलवत ऐकत होत्या, आणि पाणी टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवरून खाली माझ्या चपलांपर्यंत आलं होतं.